काम सोपवण्यापासून जाब विचारण्यापर्यंत: टीमचे काम मार्गी लावण्याचा योग्य क्रम

टीममधली कामे वेळेवर होत नाहीत, निरोप अर्धवट पोहोचतात आणि काही चुकले की नेमके कोणाला विचारायचे हेच कळत नाही, अशी तक्रार असणारे बहुतेक टीमप्रमुख उपायाला शेवटच्या टोकाकडून सुरुवात करतात. ते आढावा बैठका वाढवतात, रोजचा अहवाल मागू लागतात, ईमेलच्या प्रती वरिष्ठांना पाठवतात आणि मुदत चुकली की सर्वांसमोर जाब विचारतात. काही दिवस धावपळ दिसते आणि मग सगळे पूर्वपदावर येते. याचे कारण असे की काम मुदतीच्या दिवशी बिघडत नाही. ते बहुधा सोपवले जात असतानाच बिघडलेले असते आणि मुदतीच्या दिवशी फक्त उघडकीला येते. खालच्या क्रमात पहिले चार टप्पे काम सोपवण्याचे आहेत आणि जाब विचारण्याची वेळ सातव्या टप्प्यात येते. हा क्रम उलटा वाटला तरी तो बदलू नये, कारण आधीचे टप्पे गाळून विचारलेला जाब सहकाऱ्यांना अन्याय वाटतो आणि बऱ्याचदा तो अन्याय असतोही.

एक मर्यादा आधीच सांगतो. हा क्रम साधारण चार ते बारा जणांच्या टीमसाठी आहे. पाच जणांत परस्पर संवादाच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५ आणि बारा जणांत ६६. टीम याहून मोठी असेल तर आधी तिचे दोन-तीन गट करून प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमावा आणि मगच पुढे वाचावे.

टप्पा १: मागच्या दहा चुकलेल्या कामांची तपासणी

नवी पद्धत जाहीर करण्यापूर्वी एक दुपार राखून ठेवा आणि अलीकडे चुकलेली, रखडलेली किंवा पुन्हा करावी लागलेली दहा कामे कागदावर लिहा. आठवणीवर विसंबू नका. ईमेल, निरोप आणि बैठकांच्या नोंदी समोर ठेवा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी नोंदवा: काम कोणाकडे होते, ते त्या व्यक्तीला नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितले गेले, त्या व्यक्तीच्या समजुतीप्रमाणे ते केव्हा पूर्ण होणार होते, आणि काम चुकणार हे टीममध्ये सर्वांत आधी कोणाला आणि कधी कळले.

आता या दहा कामांची चार ढिगांत विभागणी करा. पहिल्या ढिगात काय करायचे हे नीट समजलेच नव्हते अशी कामे येतील. दुसऱ्यात माहिती, कौशल्य, साधन किंवा परवानगी नसल्यामुळे करता आली नाहीत अशी. तिसऱ्यात वेळ नव्हता अशी, म्हणजे त्याच दिवसांत त्याच माणसाकडे तुम्ही किंवा अन्य कोणी आणखी चार कामे दिली होती. चौथ्या ढिगात समजले होते, जमत होते, वेळही होता, तरीही केली नाहीत अशी कामे येतील. माझ्या पाहण्यात चौथा ढीग जवळजवळ नेहमीच सर्वांत लहान निघतो, आणि टीमप्रमुखांचे बहुतेक उपाय, म्हणजे रागावणे, ताकीद देणे, हजेरी कडक करणे, नेमके त्याच ढिगासाठी बनलेले असतात. पहिल्या तीन ढिगांवर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही.

सावधान: ही तपासणी दोषी शोधण्यासाठी नाही. हा कागद टीमला दाखवू नका आणि त्यातले एखादे नाव पुढे कोणत्याही वादात वापरू नका.

पडताळणी: दहांपैकी निदान तीन कामांत तुमचा स्वतःचा वाटा दिसायला हवा, मग तो अर्धवट सूचनेचा असो, उशिरा दिलेल्या निर्णयाचा असो किंवा मध्येच बदललेल्या प्राधान्याचा. एकाही कामात तो दिसत नसेल तर तपासणी पुन्हा करा.

टप्पा २: बोलण्यापूर्वी काम लिहून काढणे

काम तोंडी सांगण्यापूर्वी ते स्वतःपुरते चार ओळींत लिहावे. पहिल्या ओळीत शेवटी हातात काय पडायला हवे ते, दुसऱ्या ओळीत ते कोण वापरणार आणि ‘झाले’ असे कोण म्हणणार ते, तिसऱ्या ओळीत वार, तारीख आणि वेळ, आणि चौथ्या ओळीत एकाच व्यक्तीचे नाव. काम मोठे असेल तर पाचवी ओळ जोडावी: या कामात कोणते निर्णय त्या व्यक्तीने न विचारता घ्यायचे आणि कोणते विचारूनच.

‘ग्राहकांच्या तक्रारींकडे जरा लक्ष द्या’ हे काम नाही, ती इच्छा आहे. तेच काम लिहून काढले की असे होते: मागच्या तीन महिन्यांतल्या तक्रारींची कारणांनुसार यादी, सर्वांत जास्त आलेल्या तीन तक्रारींवर प्रत्येकी एक उपाय आणि त्याला लागणारे दिवस, हे सर्व दोन पानांत, गुरुवारी दुपारी चार वाजेपर्यंत, सेवा विभागाच्या प्रमुखांना वापरता येईल अशा रूपात. लिहिताना या ओळी सुचत नसतील तर काम तुमच्याच डोक्यात स्पष्ट नाही असे समजावे. अशा वेळी काम सोपवण्याऐवजी ‘या प्रश्नाचे स्वरूप ठरवायला मला मदत करा’ असे सांगावे, कारण तेही एक प्रामाणिक काम आहे.

एकाच नावाचा आग्रह अनेकांना जाचक वाटतो, पण त्याला आधार आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले आणि १९१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. आठ जणांनी मिळून दोर ओढला तेव्हा माणशी जोर एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या निम्म्यावर आला होता. पुढे १९७९ मध्ये बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि ओरडण्याचे प्रयोग करून दाखवले की ही घट केवळ एकमेकांशी मेळ न बसल्यामुळे होत नाही. गटात असताना माणूस मुळातच कमी जोर लावतो. कार्यालयात याचे दोन्ही भाग रोज दिसतात. ‘तुम्ही दोघे मिळून बघा’ असे म्हटले की आधी मेळ बसत नाही आणि मग प्रत्येकाला वाटते की दुसरा बघत असेल. काम पाच जणांनी मिळून करायला हरकत नाही, पण त्याचा धनी एकच असावा. विभागाचे नाव हे नाव नव्हे, आणि ‘सर्वजण’ हे तर मुळीच नव्हे.

कामांच्या संख्येलाही आवर हवा. एका व्यक्तीकडे एका वेळी तीनपेक्षा जास्त मोठी कामे असू नयेत असे माझे मत आहे. चौथे द्यायचे असेल तर आधीच्या तीन कामांपैकी कोणते मागे ठेवायचे हे तुम्ही सांगायला हवे. ते न सांगता दिले की एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते आणि मग दोष चिंध्या गोळा करणाऱ्याला दिला जातो.

टप्पा ३: सोपवण्याचे संभाषण

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये. साध्या कामाला पाच मिनिटे आणि मोठ्या कामाला वीस मिनिटे लागतात. जिन्यात, दारात उभ्याने किंवा दुसऱ्या बैठकीच्या शेवटी काम सोपवू नये.

प्रथम काम कशासाठी आहे ते सांगा, नंतर टप्पा २ मधल्या ओळी वाचून दाखवा आणि मग थांबा. त्यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात: समोरच्या व्यक्तीकडून काम तिच्या शब्दांत ऐकणे. विमान नियंत्रकाने उंची किंवा धावपट्टीबाबत सूचना दिली की वैमानिक ती परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ती ऐकून तपासतो. सूचना दिली म्हणजे ती पोहोचली असे त्या क्षेत्रात गृहीत धरत नाहीत. आपण मात्र ‘समजले ना?’ असे विचारतो, ज्याचे ‘हो’ हे एकच उत्तर शक्य असते, कारण ‘नाही’ म्हणणे म्हणजे स्वतःला मंद ठरवून घेणे. त्याऐवजी असे म्हणावे: ‘मी सांगताना काही सोडले आहे का ते मला तपासायचे आहे. तुम्ही सुरुवात कशी कराल ते सांगा.’ या वाक्यात परीक्षा तुमच्या सांगण्याची होते, समोरच्याच्या बुद्धीची नाही.

हे अनावश्यक वाटत असेल तर एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग लक्षात घ्यावा. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणे ओळखायचे होते. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणे चालू असते आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. महिनाभर एखाद्या कामाचा विचार केलेला टीमप्रमुख दोन मिनिटांत ते सांगतो तेव्हा नेमके हेच घडत असते.

यानंतर अडथळ्यांविषयी विचारा. ‘काही अडचण?’ असे विचारले तर कोणी बोलत नाही. ‘हे काम रखडले तर ते कशामुळे रखडेल असे तुम्हाला वाटते?’ असे विचारले तर माणूस बोलतो, कारण आता अडचण सांगणे म्हणजे कुरकुर नसून उत्तर देणे असते. मिळालेल्या उत्तरातले जे तुमच्या अधिकारात आहे, म्हणजे एखादी परवानगी, एखाद्या विभागाला फोन, एखाद्या माहितीचा प्रवेश, ते त्याच दिवशी करून टाका. हाती असलेल्या कामांपैकी कोणते मागे पडेल हेही येथेच ठरवा.

शेवटी तारीख ठरवावी. तुमच्या मनात एक तारीख असली तरी आधी समोरच्याला अंदाज विचारा, पण तो तसाच स्वीकारू नका. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता आणि सगळे बिघडत गेले तर ४८.६ दिवस लागतील असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. यावर साधा उपाय म्हणजे ‘किती दिवस लागतील?’ याआधी ‘मागच्या वेळी असेच काम केले तेव्हा किती दिवस लागले होते?’ असे विचारणे. मागच्या कामाचा आकडा बहुतेक वेळा खरा निघतो आणि मनातला आकडा बहुतेक वेळा आशावादी असतो.

सावधान: भिडेखातर आलेला होकार ओळखायला शिका. लगेच आलेला, प्रश्नाविना आलेला आणि ‘करतो’, ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ अशा शब्दांत आलेला होकार कच्चा असतो. अशा वेळी ‘या तारखेला हे होण्याची खात्री तुम्हाला दहापैकी किती आहे?’ असे विचारा. आठच्या खाली उत्तर आले तर तारीख, काम किंवा मदत यांपैकी एक गोष्ट बदलल्याशिवाय संभाषण संपवू नका.

पडताळणी: संभाषणात निम्म्याहून जास्त वेळ समोरची व्यक्ती बोलली का? तुम्हीच बोलत राहिला असाल तर काम सोपवले गेले नाही, फक्त सांगितले गेले.

टप्पा ४: एकच नोंद, सर्वांना दिसणारी

ठरलेली सर्व कामे एकाच ठिकाणी लिहावीत. ते ठिकाण एक्सेलची शीट असो, भिंतीवरचा फळा असो किंवा एखादे ॲप असो. साधनाने फारसा फरक पडत नाही आणि साधन निवडण्यात महिना घालवणे ही स्वतःच एक प्रसिद्ध चूक आहे. रकाने पाच पुरेत: काम, धनी, मूळ तारीख, सध्याची तारीख आणि स्थिती. मूळ तारखेचा रकाना कधीही खोडू नये. तारीख बदलली तर ती शेजारच्या रकान्यात लिहावी, म्हणजे तीन वेळा पुढे ढकललेले काम तीन वेळा ढकललेलेच दिसेल.

नोंद काम करणाऱ्यानेच करावी, टीमप्रमुखाने किंवा साहाय्यकाने नव्हे. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या तारखेशी माणसाचे नाते वेगळे असते, शिवाय लिहितानाच गैरसमज बाहेर येतात. स्थितीसाठी तीनच शब्द ठेवावेत: वेळेत, धोक्यात, चुकले. ‘जवळजवळ झाले’, ‘८० टक्के पूर्ण’ किंवा ‘फक्त शेवटचा हात फिरवायचा आहे’ असे शेरे चालू देऊ नयेत, कारण ८० टक्क्यांवर काम किती आठवडे राहू शकते याला मर्यादा नाही.

याच यादीत तुमचीही कामे असायला हवीत: तुम्ही द्यायचे निर्णय, तुम्ही करायचे फोन, तुम्ही तपासायचे मसुदे. मी स्वतः सुरुवातीला माझी कामे यादीबाहेर ठेवली होती. टीममधली तीन कामे माझ्या मंजुरीवाचून अडली आहेत हे मला महिन्याभराने, तेही योगायोगाने, कळले. तोवर त्या तिन्ही कामांपुढे ‘चुकले’ असा शेरा होता आणि नावे दुसऱ्यांची होती.

सावधान: व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप ही नोंद नव्हे. ग्रुपवर काही ठरले तर ज्याच्या नावावर ते काम आहे त्याने ते त्याच दिवशी यादीत लिहावे, आणि यादीत नसलेल्या कामाबद्दल कोणालाही जाब विचारू नये. हा नियम तुमच्याही तोंडी सूचनांना लागू आहे.

टप्पा ५: वाईट बातमीचा नियम आधी ठरवणे

काम चुकणार याची चाहूल करणाऱ्याला बहुधा बरीच आधी लागलेली असते. टप्पा १ मधल्या कागदावर ‘सर्वांत आधी कधी कळले’ हा रकाना पाहिला तर ते दिसेल. प्रश्न असतो तो बातमी वर येण्याचा. म्हणून कोणतेही काम अडण्यापूर्वीच टीमसमोर नियम जाहीर करावा: तारीख पाळली जाईल की नाही याची शंका आली की त्याच दिवशी स्थिती ‘धोक्यात’ करायची आणि तीन ओळींचा निरोप पाठवायचा. काय अडले आहे, त्याचा कोणावर परिणाम होईल आणि मला कशाची गरज आहे. वेळेत दिलेल्या सूचनेबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही; मुदतीच्या दिवशी पहिल्यांदा समजले तर मात्र त्याबद्दल विचारले जाईल.

हा नियम टिकतो की नाही हे पहिल्या दोन-तीन बातम्यांना तुम्ही कसा प्रतिसाद देता यावर ठरते. कपाळाला आठी, ‘आत्ता सांगता?’ असा उद्गार किंवा थंड शांतता यांपैकी काहीही पुरेसे असते. पुढची बातमी मग वरातीमागून घोडे तशी येते. पहिले वाक्य ‘आत्ता सांगितले ते बरे झाले’ आणि दुसरे वाक्य ‘काय हवे आहे?’ एवढ्यावर सुरुवातीला थांबावे. कारणांचा शोध नंतर घेता येतो.

पद्धत सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ‘धोक्यात’ असलेली कामे वाढलेली दिसतील आणि तुमचे वरिष्ठ अस्वस्थ होतील. ॲमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुकांची नोंद कमी नव्हे, तर जास्त आढळली होती, कारण तिथे लोक चुका उघडपणे सांगत होते. तेव्हा हा वाढलेला आकडा वरिष्ठांना आधीच समजावून ठेवणे हे तुमचे काम आहे. ते टीमवर ढकलू नका.

टप्पा ६: आठवड्याचा तीस मिनिटांचा आढावा

आढावा ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी घ्यावा आणि त्यापूर्वी प्रत्येकाने आपली स्थिती यादीत भरलेली असावी. बैठकीत यादी वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये.

क्रम असा ठेवावा: प्रथम चुकलेली कामे, नंतर धोक्यातली आणि शेवटी नव्याने घेतलेली. वेळेत चाललेल्या कामांवर बोलायचेच नाही. बहुतेक बैठकांत याच्या उलट होते. जे नीट चालले आहे त्याचे सविस्तर वर्णन होते आणि अडलेल्या कामासाठी शेवटची चार मिनिटे उरतात. चुकलेल्या कामाविषयी बैठकीत तीनच प्रश्न विचारावेत: आता नवी तारीख कोणती, कोणाकडून काय हवे आणि कोणाला कळवायला हवे. ‘का चुकले?’ हा प्रश्न येथे विचारू नये, त्याची जागा पुढच्या टप्प्यात आहे. एखादा पेच सोडवायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर संबंधित दोघा-तिघांनी बैठकीनंतर बसावे. बाकीच्यांनी ते ऐकत राहू नये.

टीमप्रमुखाने मत शेवटी द्यावे. त्याने आधी दिलेले मत म्हणजे निर्णय समजला जातो आणि नंतरची चर्चा त्या निर्णयाची आरती होऊन बसते. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि त्यांत प्रत्येकाने बैठकीत स्वतः घेतलेले काम आणि तारीख मोठ्याने वाचावी.

पडताळणी: बैठक संपल्यावर कोणाही एकाला विचारा की पुढच्या आठवड्यात त्याने काय द्यायचे आहे. दहा सेकंदांत उत्तर आले नाही तर बैठक फुकट गेली.

टप्पा ७: काम चुकल्यावर एकांतात बोलणे

एवढे टप्पे पार पडल्यावरच जाब विचारण्याचा अधिकार येतो. संभाषण दोन दिवसांच्या आत, बंद दाराआड आणि समोरासमोर व्हावे. टीम दुरून काम करत असेल तर व्हिडिओ कॉलवर. लेखी निरोपातून कदापि नको.

सुरुवात घटनेपासून करावी, निष्कर्षापासून नव्हे. ‘तुम्ही बेजबाबदारपणे वागता’ हा निष्कर्ष आहे. ‘मंगळवारी द्यायचा अहवाल शुक्रवारी आला, आणि मंगळवारपर्यंत यादीत स्थिती वेळेत अशीच होती’ ही घटना आहे. घटना सांगून झाली की ‘काय झाले?’ असे विचारावे आणि गप्प बसावे. ही शांतता टीमप्रमुखाला फार लांब वाटते आणि तो स्वतःच कारणे सुचवू लागतो: ‘त्या विभागाकडून माहिती उशिरा आली असेल ना?’ समोरच्याला मग फक्त मान हलवायची असते.

उत्तर ऐकताना ते टप्पा १ मधल्या कोणत्या ढिगात बसते ते पाहा. समजले नव्हते तर सोपवण्याची पद्धत सुधारायची, जमत नव्हते तर शिकवायचे किंवा साधन द्यायचे, वेळ नव्हता तर काम काढून घ्यायचे. चौथ्या ढिगाबाबतच ‘हे पुन्हा चालणार नाही’ असे स्पष्ट, पण आवाज न चढवता सांगायचे. संभाषणाच्या शेवटी पुढच्या वेळी नेमके काय वेगळे होईल हे समोरच्या व्यक्तीने एका वाक्यात सांगावे आणि त्याची तारीख यादीत लिहावी. ‘यापुढे काळजी घेईन’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘माहिती सोमवारपर्यंत आली नाही तर त्याच दिवशी स्थिती बदलून तुम्हाला फोन करेन’ हे पुरेसे आहे.

बोलणे कामावर राहावे, माणसावर जाऊ नये, याला सौजन्यापलीकडचे कारण आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामाबद्दल अभिप्राय देण्याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अभिप्रायाने सरासरी काम सुधारत असले तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते आधीपेक्षा खालावलेले आढळले. त्यांच्या मांडणीनुसार लक्ष कामावरून हटून स्वतःच्या प्रतिमेकडे वळू लागले की अभिप्रायाचा उपयोग घटतो. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ या वाक्याने नेमके तेच होते.

येथे तीन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे कौतुक, टीका आणि पुन्हा कौतुक असा थर लावणे. त्यात टीका हरवते आणि पुढच्या प्रत्येक कौतुकाचा माणसाला संशय येऊ लागतो. दुसरी म्हणजे ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द, कारण समोरचा लगेच एक अपवाद काढून दाखवतो आणि वाद त्या अपवादावर रंगतो. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत घातक, म्हणजे एकाच्या चुकीसाठी ‘सर्वांना सूचना’ असा ईमेल पाठवणे. ज्यांनी चूक केली नाही ते दुखावतात, ज्याने केली त्याला ती आपल्यासाठी आहे हे कळत नाही, आणि प्रमुख तोंडावर बोलायला कचरतो हे मात्र सर्वांना कळते.

टप्पा ८: तेच पुन्हा घडत राहिले तर

एकाच प्रकारची चूक तिसऱ्यांदा झाली तर विषय आता कामाचा नसून त्या चुकीच्या पुनरावृत्तीचा आहे असे सांगून वेगळे संभाषण करावे. त्यात आधीच्या दोन्ही वेळी काय ठरले होते ते यादीतून दाखवावे आणि पुढे काय होईल ते आधी सांगावे: कामे लहान तुकड्यांत दिली जातील, दर दोन दिवसांनी तपासणी होईल, किंवा ते काम दुसऱ्याकडे जाईल. जे सांगितले ते करावे, आणि जे करण्याचा अधिकार किंवा तयारी नाही ते बोलूच नये. यानंतरही बदल नसेल तर संस्थेच्या ठरलेल्या प्रक्रियेनुसार मनुष्यबळ विभागाशी बोलावे. तोपर्यंतच्या तारखा आणि ठरलेल्या गोष्टी तुमच्याकडे लिहिलेल्या असतीलच.

सावधान: चुकलेले काम रात्री बसून स्वतः पूर्ण करणे किंवा टीममधल्या सर्वांत भरवशाच्या व्यक्तीकडे गुपचूप सरकवणे हा उपाय नाही. पहिल्याने टीम शिकते की शेवटी प्रमुख करतोच. दुसऱ्याने चांगले काम करण्याची शिक्षा म्हणजे आणखी काम असा संदेश जातो, आणि त्या व्यक्तीचा राजीनामा समोर आल्यावर सर्वांना आश्चर्य वाटते.

टप्पा ९: मोजमाप

दोनच आकडे ठेवावेत. महिन्यातल्या किती कामांनी मूळ तारीख पाळली, आणि चुकलेल्या कामांची ‘धोक्यात’ अशी सूचना मुदतीच्या किती दिवस आधी मिळाली. सुरुवातीला दुसऱ्या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण तो आधी सुधारतो. हे आकडे पगारवाढ किंवा बोनसला जोडू नयेत. जोडले की लोक लांबच्या तारखा देऊ लागतात, आकडा सुंदर होतो आणि काम होते तेवढेच राहते. सर्व कामे महिनोन् महिने वेळेत दिसत असतील तर आनंदी होण्यापूर्वी तारखा किती सैल आहेत ते तपासावे.

सुरुवात कोणत्या गतीने करावी

सर्व टप्पे एकाच सोमवारी जाहीर करू नयेत. पहिल्या आठवड्यात फक्त टप्पा १ पूर्ण करावा आणि त्याबद्दल कोणाशी बोलू नये. पुढचे दोन आठवडे नवीन कामेच टप्पा २ आणि ३ प्रमाणे सोपवावीत. जुनी कामे आहेत तशी चालू द्यावीत. चौथ्या आठवड्यात यादी आणि वाईट बातमीचा नियम एकत्र आणावेत, कारण नियमाशिवाय आलेली यादी पाळत ठेवण्याचे साधन वाटते. पाचव्या आठवड्यापासून आढावा सुरू करावा, आणि चुकलेले पहिले काम शक्यतो तुमचे स्वतःचे असेल तर ते लपवू नये. त्यावर तेच तीन प्रश्न टीमला विचारू द्यावेत.

तीन महिन्यांनी एक आढावा बैठक मुद्दाम तुमच्या गैरहजेरीत होऊ द्या. बैठक झाली का, यादी त्या दिवशी अद्ययावत झाली का आणि एखाद्याने स्वतःहून ‘धोक्यात’ असे लिहिले का, एवढे दुसऱ्या दिवशी पाहा. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर आढावा दर पंधरा दिवसांनी घेतला तरी चालेल. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर नियम पुन्हा समजावून सांगण्याऐवजी टप्पा ५ मधल्या तुमच्या अलीकडच्या प्रतिसादांपासून तपासणीला सुरुवात करा.